उडी ठरते जमिनीवर

पुण्याकडून बोरघाट उतरणारी आगगाडी सरळ कर्जतला येत नाही. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी ती थांबते. तिथे कुणी प्रवासी चढत नाही की उतरत नाही. भोवती कातळ, बोगद्यांची तोंडे आणि पावसाळ्यात धबधबे. हा थांबा फक्त ब्रेकसाठी असतो. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट खाली, असा या घाटाचा उतार आहे. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटल्यावरच पुढचा रूळ तिला मिळतो. ती थांबली नाहीच, तर सांधा तिला बाजूच्या कॅच सायडिंगवर घेतो आणि तिथला चढ तिचा वेग संपवतो. चढणाऱ्या गाडीसाठी कर्जतला मागून बँकर इंजिने जोडतात. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. तेव्हापासून उतारावर वेग कसा सांभाळायचा, हा या गावाचा रोजचा व्यवसाय आहे.

यंदाच्या अंकासाठी ‘वेग’ हा विषय ठरला, तेव्हा संपादकांनी याच घाटाच्या पायथ्याकडे बोट दाखवले. मात्र त्यांना आगगाडीवर लेख नको होता. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या डोंगरवाटांवर माउंटन बाइक घेऊन येणारी पोरे त्यांच्या मनात होती, आणि त्यातही सायकल हवेत उडवणारी. ही पोरे पडतात. कुणाचे गळ्याजवळचे हाड मोडते, कुणाचे मनगट, कुणाला पडल्यानंतरचा तासभर आठवतच नाही. तरी ती पुन्हा येतात, कारण दोन्ही चाके जमीन सोडतात तो क्षण ज्याने अनुभवला त्याला तो पुन्हा हवा असतो. हे धाडस वेडेपणाचे नाही, त्याची रीतसर विद्या आहे आणि ती शिकता येते. आपल्याकडे ती शिकवण्याआधीच पोरे उडतात, हा खरा प्रश्न आहे.

खाचरात उतरणारी सायकल

कर्जत आणि खोपोली ही दोन्ही मध्य रेल्वेच्या लोकलची शेवटची स्थानके. मुंबईत राहणाऱ्या सायकलपटूला डोंगर गाठायला याहून सोपी वाट नाही. स्थानकाबाहेर पडले की तासाभरात डांबर संपते. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला राजमाची, ढाक आणि पुढे भीमाशंकरकडे गेलेली सह्याद्रीची भिंत. कोंदिवड्याहून कोंढाण्याच्या लेण्यांकडे जाणारी वाट, आंबिवलीहून पेठच्या किल्ल्याकडे चढणारी वाट, खालापुरात मोरबे धरणाच्या आसपासचे कच्चे रस्ते. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या उधेवाडीपर्यंत गेलेला कच्चा रस्ता तर पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांच्या चांगला ओळखीचा आहे.

या वाटा सायकलसाठी झालेल्या नाहीत. ठाकूर आणि कातकरी वाड्यांतली माणसे रोज त्यावरून बाजाराला, शाळेला, दवाखान्यात जातात. डोक्यावर मोळी घेतलेली बाई वळणावर समोर येते तेव्हा थांबायचे सायकलवाल्याने, तिने नव्हे. एवढी साधी गोष्ट पाळली नाही म्हणून वाट बंद झाली, तर गावाला दोष देता येणार नाही.

पावसाळा सरला, भात कापले गेले, की खाचरे मोकळी होतात. दोन खाचरांमधला बांध दोन ते तीन फूट उंच असतो. पायवाट त्याच्यावर चढते आणि पलीकडे उतरते. नव्या शिकाऊला यात उडी दिसते आणि बहुतेकांची पहिली उडी अशीच होते: वेग घ्यायचा, बांधावर चढायचे, पलीकडे हवेत जायचे.

घोळ पलीकडे आहे. बांधाच्या पलीकडे उतार नसतो, सपाट खाचर असते. नोव्हेंबरात ते वाळून भेगाळलेले असते, त्यात कापलेल्या भाताचे धसकट उभे असते आणि मधूनच बैलाच्या खुरांचे खड्डे. वरून पडणाऱ्या सायकलला सपाट जमीन एका क्षणात थांबवते. जो वेग खाली जायचा तो गुडघ्यांत, मनगटांत आणि पाठीच्या कण्यात जातो. बांधाची चढण आखूड आणि उभी असल्यामुळे मागचे चाक कडेवर आपटते, खोगीर मागून ढकलते आणि सायकलचे नाक खाली जाते. दिसायला सोपी असलेली ही उडी शिकण्यासाठी सगळ्यात वाईट.

हवेतला अर्धा सेकंद

सायकल कडेवरून सुटली की ती कुठे उतरणार हे ठरून गेलेले असते. हवेत असताना स्वार सायकलचा कल थोडा बदलू शकतो, पाय आखडू किंवा लांब करू शकतो. पण आपण कुठे पडणार, हे त्याच्या हातात उरत नाही. ते ठरवणाऱ्या गोष्टी दोनच: सुटतानाचा वेग आणि कडेचा कोन.

आकडे पाहिले की अंदाज येतो. २५ अंशांच्या चढणीवरून ताशी २० किलोमीटर वेगाने सुटलेली सायकल त्याच उंचीवर सुमारे अडीच मीटर पुढे उतरते. ताशी २५ ला हे अंतर पावणेचार मीटर होते आणि ताशी ३० ला जवळजवळ साडेपाच. वेग दीडपट झाला, तर अंतर सव्वादोनपट. ताशी २० च्या उडीत हवेतला वेळ अर्धा सेकंद असतो, ३० च्या उडीत पाऊण सेकंदापेक्षा थोडा कमी. चुकीचा विचार करायलाही हा वेळ पुरत नाही. सायकलवर बसून ताशी २० आणि ताशी २५ यांतला फरक नवख्याला कळत नाही. जमिनीवर मात्र तो सव्वा मीटरचा असतो, आणि उतार संपून सपाटी सुरू व्हायला तेवढे पुरते.

दुसरा हिशेब उतरण्याचा. अमेरिकेत डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अभियंते माँट हबर्ड यांनी बर्फावरच्या स्की-उड्यांसाठी एक माप पुढे आणले. उडी कितीही लांब असो, उतरताना शरीराला बसणारा धक्का किती उंचीवरून सरळ सपाट जमिनीवर पडल्याइतका आहे, ते मोजायचे. लांबच लांब उडी मारूनही स्वार जमिनीला जवळजवळ समांतर उतरला, तर हे माप अगदी थोडे येते. उलट तीन फुटांच्या बांधावरून सपाट खाचरात पडणाऱ्याचे माप पुरे तीन फूट किंवा त्याहून जास्त. पाहणाऱ्याला लांब उडीची भीती वाटते, पण शरीराला हा बांधच जास्त दुखवतो. म्हणूनच चांगल्या बाइक पार्कमध्ये उडीइतकेच, किंबहुना जास्त काम पलीकडच्या उतारावर केलेले असते.

पडायचे प्रकार

ज्यांनी बरेच पडताना पाहिले आहे त्यांना पडण्याचे ठरावीक नमुने ओळखू येतात. कडेवर पोचताना घाबरून अंग आखडले, हात-पाय ताठ झाले, की सायकल लाकडासारखी हवेत जाते आणि पुढचे चाक झुकते. वेग कमी पडला तर मागचे चाक पलीकडच्या उताराच्या डोक्यावर आपटते. याला सायकलवाले ‘केस झाली’ म्हणतात. त्यात मागचा टायर फुटतो, चाक वाकते, किंवा स्वार पुढे फेकला जातो. वेग जास्त झाला तर उतार ओलांडून सपाटीवर आपटणे. चौथा प्रकार आडवा: कडेवर चढतानाच हँडल किंचित वळलेले, सायकल हवेत तिरकी, आणि जमिनीला लागताच पुढचे चाक फटकन बाजूला.

हवेत ब्रेक दाबण्याची सवय नवख्यात फार असते. फिरते चाक अचानक थांबले की त्याचा फिरण्याचा जोर सायकलच्या सांगाड्यात येतो आणि नाक खाली जाते. जाणकार हीच गोष्ट मुद्दाम, मोजून वापरतात. भीतीने केली, तर ती हँडलवरून पुढे फेकते.

सस्पेन्शनचाही दोष असतो. दाबलेला मागचा शॉक परत उसळण्याचा वेग फार ठेवला असेल, तर कडेवर मागचे चाक उसळी मारते. हे मैदानावर कळत नाही, पहिल्या मोठ्या उडीत कळते.

आणि एक प्रकार जगातल्या सर्वोत्तम स्वाराच्याही वाट्याला आला. २६ जुलै २०२१ या दिवशी टोकियो ऑलिम्पिकची पुरुषांची माउंटन बाइक शर्यत इझू इथे होती. नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हॅन डर पोल पदकाचा मोठा दावेदार. पहिल्याच फेरीत तो ‘साकुरा ड्रॉप’ नावाच्या मोठ्या शिळेवर आला. सरावात त्या शिळेखाली फळी लावलेली होती, शर्यतीत ती नव्हती. फळी असेल असे धरून त्याने पुढचे चाक तसेच खाली सोडले, आणि तो हँडलवरून पुढे आपटला. काही फेऱ्यांनंतर त्याला शर्यत सोडावी लागली. सोने ब्रिटनच्या टॉम पिडकॉकला मिळाले.

व्हॅन डर पोलच्या हातात कौशल्य कमी नव्हते. कमी होती ती त्या जमिनीविषयीची ताजी माहिती. कर्जतमध्ये हा प्रसंग रोजचा आहे. काल जिथून उडी मारली तिथून रात्रीत ट्रॅक्टर गेला असेल, कुणी बांध फोडून पाणी काढले असेल, पलीकडे गवताचा भारा ठेवला असेल. दिवसाची पहिली फेरी पायी चालूनच करायची, हा नियम परदेशातल्या पार्कांपेक्षा इथे जास्त लागू आहे.

खळे करणाऱ्यांची माती

सुरक्षित उडी बांधावी लागते. तिचा सगळ्यात दयाळू प्रकार म्हणजे टेबलटॉप: चढण, मग सपाट माथा, मग उतार. मधे खड्डा नसतो. वेग कमी पडला तर सायकल माथ्यावर उतरते, स्वाराला धक्का बसतो पण तो पडत नाही. शिकणारा आधी उडी न मारता तिच्यावरून नुसता जाऊ शकतो, मग थोडा हवेत, मग माथ्याच्या मध्यापर्यंत, मग उतारावर. दोन ढिगाऱ्यांमध्ये मोकळी फट ठेवलेली गॅपची उडी ही पुढची पायरी आहे, कारण तिथे चुकीला जागा नाही.

मातीचे काम इथल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. कोकणात दसऱ्यानंतर खळे करतात: जमीन उकरायची, ढेकळे फोडायची, पाणी शिंपडायचे, ओल नेमकी असताना चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची. उडी सुटते ती टेकऑफची कडही नेमकी याच रीतीने होते. मुरूम खाली, वर चिकण माती, प्रत्येक थर पाण्याने ओला करून धुमसाने ठोकलेला. कोरड्या मातीचा ढीग नुसता फावड्याने सरळ केला तर पहिल्या दहा उड्यांतच कडेचे ओठ तुटतात, आणि तुटलेली कड चाकाला नको त्या कोनात उडवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमिनीत अजून ओल असते. बांधकामाला तोच काळ. जानेवारीनंतर पाणी शेंदत बसावे लागते.

पावसाळ्याचा विचार आधी करायचा. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. चढणीच्या पायथ्याशी पाणी साचले तर स्वार वेगाच्या ऐन क्षणी चिखलात शिरतो. म्हणून दोन्ही बाजूंना चर, माथ्याला किंचित ढाळ, आणि जूनआधी सगळ्यावर ताडपत्री किंवा पेंढा. तरीही दिवाळीच्या आसपास कडा पुन्हा बांधाव्याच लागतात. पलीकडच्या उताराच्या बाजूचे गवत कापून टाकायचे, कारण पडणारा बहुतेकदा तिथेच लोळतो आणि कोकणच्या गवतात फुरसे असते.

जागेचा प्रश्न गंभीर आहे. २००३ साली माथेरान परिसर पर्यावरण-संवेदनशील म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केला. त्यात कर्जत आणि खालापूर तालुक्यांतलाही भाग येतो. राखीव जंगलात टिकाव घालणे हा वन कायद्याने गुन्हा आहे. वनखात्याच्या जमिनीत रात्री गुपचूप उड्या बांधणारे गट जगात सगळीकडे आहेत, आणि सगळीकडे त्याचा शेवट सारखाच होतो: खाते उड्या मोडते आणि सायकललाच बंदी घालते. खासगी जमिनीवर, मालकाच्या लेखी संमतीने बांधलेली उडी टिकते. या दोन तालुक्यांत शेतघरे आणि कृषी पर्यटनाची केंद्रे किती उभी राहिली ते कुणीही पाहावे. त्यातल्या एखाद्याने तरण तलावाच्या शेजारी उताराची एक पट्टी सोडली, तर पोरांना बांधावरून उडावे लागणार नाही.

सायकलवर काय छापले आहे

जाड टायर आणि पुढे शॉक असलेली प्रत्येक सायकल दुकानात माउंटन बाइक म्हणूनच विकली जाते. उडीसाठी ती चालेल का, हे मात्र वेगळे. सायकलच्या कागदपत्रांत, कधी सांगाड्यावरच्या चिकटपट्टीवर, वापराचा वर्ग दिलेला असतो. एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेच्या वर्गवारीवर तो आधारलेला असतो. दुसऱ्या वर्गाची सायकल कच्च्या रस्त्यासाठी, चाक जमीन सोडून १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त पडू नये अशी. तिसऱ्या वर्गात ही मर्यादा ६१ सेंटिमीटर, चौथ्यात १२२. पाचवा वर्ग डाउनहिल आणि मोठ्या उड्यांचा. तीन फूट म्हणजे ९१ सेंटिमीटर. तेव्हा खाचराचा तीन फुटी बांध तिसऱ्या वर्गाच्या सायकललाही झेपण्यापलीकडचा आहे, आणि पोरांकडच्या बऱ्याच सायकली त्याच किंवा त्याहून खालच्या वर्गातल्या असतात.

पुण्यात विनय मेनन आणि प्रवीण प्रभाकरन यांनी ‘सायनाइड’ ही कंपनी काढली ती याच अडचणीतून वाट शोधत. विनय मेनन स्वतः फ्रीराइड प्रकारातला नावाजलेला स्वार. पुण्याच्या टेकड्यांवर घडलेल्या त्या पिढीने भारतात ‘उडी मारणारी सायकल’ ही वेगळी वस्तू आहे, हे ग्राहकाला समजावले. संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी राष्ट्रीय पातळीवर माउंटन बाइकिंगची पदके मिळवली, तेव्हा महाराष्ट्रातल्या खेळाची दुसरी बाजू दिसली: क्रॉस कंट्रीच्या शर्यतीतही आता दगडी ड्रॉप आणि उड्या असतात, आणि दमवणाऱ्या चढानंतर थकल्या हातांनी त्या घ्याव्या लागतात.

सायकल तपासणे हे उडीचाच भाग आहे. स्टेमचे बोल्ट, चाकांचे ॲक्सल, ब्रेक, आऱ्या, टायरमधली हवा. खोगीर पुरते खाली, कारण वर असले तर तेच स्वाराला मागून ढकलते. हँडलच्या टोकांची बुचे जागेवर हवीत. ती निघालेली असली तर उघडी नळी पडताना पोटात घुसते. लहान मुलांच्या सायकल-अपघातांत यकृत आणि प्लीहा यांना होणाऱ्या इजांचे एक मोठे कारण हँडलचे टोक असते.

हेल्मेटबद्दल वाद नको. रस्त्यावरचे साधे हेल्मेट डोके झाकते, हनुवटी नाही. उडीवरून पडणारा तोंडावर पडतो. म्हणून हनुवटी झाकणारे फुलफेस हेल्मेट, गुडघ्याला आणि कोपराला पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलायचे. आतला फोम एकदाच दबतो.

खुंटीपासून खुंटीपर्यंत

शिकवण्याच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या असतील, क्रम सगळीकडे जवळजवळ सारखा आहे. सुरुवात उडीपासून होत नाही. पेडल समांतर, गुडघे-कोपरे सैल, वजन पायांवर, नजर पुढे, ही बैठक आधी. मग लहान उंचवट्यांवर पंप करणे: चढताना अंग आखडून घ्यायचे, उतरताना पायांनी दाबायचे, आणि पेडल न मारता वेग मिळवायचा. हे ज्याला जमले त्याला टेकऑफची चढण कळली. मग पुढचे चाक उचलणे, मागचे उचलणे, पायरीवरून सपाट उतरणे. कंटाळवाणे वाटते, पण हेच आठवडे पुढे हाडे वाचवतात.

मग उडी, आणि इथे डोंगर मदतीला येतो. उतारावरून पेडल न मारता सोडलेली सायकल किती वेगाने खाली येईल, हे उंचीवर ठरते. घर्षण सोडून दिले तर दीड मीटर उंचीवरून ताशी सुमारे २० किलोमीटर, अडीच मीटरवरून २५, साडेतीन मीटरवरून ३०. प्रत्यक्षात थोडी जास्त उंची लागते. म्हणून उतारावर खुंट्या ठोकायच्या. पहिल्या खुंटीपासून सुटायचे, पेडल नाही, ब्रेक नाही, टेबलटॉपवरून नुसते जायचे. पाच वेळा सारखे झाले की दुसरी खुंटी. कुणी पलीकडच्या उतारापर्यंत पोचला नाही, तर चूक वेगाची की शरीराची हे लगेच कळते, कारण वेग सगळ्यांचा सारखा असतो. वेगाचा अंदाज बांधण्याचे ओझे शिकणाऱ्याच्या डोक्यावरून उतरते आणि त्याला शरीराकडे लक्ष देता येते.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नवी खुंटी आणि नवी सायकल एका दिवशी नाही. थकल्यावर शेवटची एक उडी नाही. दुपारी उन्हात हात थरथरू लागले की दिवस संपला. कडेवर चढताना नजर पलीकडच्या उतारावर, कडेवर नाही. मित्राने मोबाइल धरला आहे म्हणून मोठी खुंटी नाही. या शेवटच्या नियमाची गरज सगळ्यात जास्त आहे, आणि तो पाळणारे सगळ्यात कमी.

पडणेही शिकवतात. सायकल सोडून द्यायची, बाजूला ढकलायची. हात सरळ ताठ टेकवायचा नाही, कारण मनगट आणि गळ्याजवळचे हाड याच सवयीने मोडते. हनुवटी छातीला, अंग गोळा, खांद्यावरून लोळण. रायगडात गावोगाव कबड्डी खेळतात. मातीत पडून लोळणे लहानपणापासून अंगात असलेली इथली पोरे या बाबतीत शहरातल्या पोरांच्या पुढे असतात.

पडल्यावर

खोपोली-कर्जत पट्ट्याला अपघात नवे नाहीत. द्रुतगती महामार्ग आणि जुना घाट दोन्ही इथूनच जातात. खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’सारख्या संस्थांचे गिर्यारोहक दरीत पडलेल्यांना काढायला दोर घेऊन जातात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा या भागातल्या अशाच स्वयंसेवकांना अंधारात, पावसात डोंगर चढावा लागला. हे लोक पगारी नाहीत. उडीसाठी येणाऱ्याने त्यांना गृहीत धरणे बरोबर नाही. आपला प्रथमोपचार, आपले स्ट्रेचर, आणि आपण कुठे आहोत हे गावात आधी सांगून ठेवणे हे आपले काम.

जो पडला तो लगेच उठू पाहतो. त्याला उठू द्यायचे नाही. मान किंवा पाठ दुखते का, हातापायांना मुंग्या आहेत का, बोटे हलतात का, हे आधी विचारायचे. एकाही प्रश्नाला शंका आली तर हलवायचे नाही, श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेटही काढायचे नाही, १०८ ला फोन. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण डोक्याच्या आणि कण्याच्या मोठ्या दुखापतीला पनवेल-नवी मुंबईकडेच न्यावे लागते. कोंढाण्याच्या वाटेवरून किंवा पेठच्या पायथ्यावरून हे अंतर आधीच मोजून ठेवलेले बरे. बऱ्याच ठिकाणी फोनची रेंज नसते. रेंज कुठे मिळते ती जागा आधी पाहून ठेवायची.

मनगटाची एक दुखापत फसवी असते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत दुखत असेल, तर स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडलेले असू शकते, आणि पहिल्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसत नाही. डॉक्टर हात बांधून ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. ‘फोटोत काही नाही’ म्हणून पुढच्या रविवारी परत उडणाऱ्याचे मोडलेले हाड न जुळता मनगट कायमचे अधू होऊ शकते. पोटाला हँडल लागले असेल तर तास-दोन तास बरे वाटले तरी दाखवायचेच.

मेंदूला हादरा बसल्याची चिन्हे साधी असतात: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, मळमळ, उजेड सहन न होणे, तोल जाणे. बेशुद्ध व्हायलाच हवे असे नाही. त्या दिवशी सायकल पुन्हा हातात घ्यायची नाही, मग कुणी कितीही बरा दिसो. २०२२ साली अ‍ॅमस्टरडॅमला भरलेल्या क्रीडावैद्यकाच्या परिषदेत तज्ज्ञांचे एकमत झाले, ते असे: पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती आणि हलके चालणे, मग पायरी पायरीने खेळ, आणि पुन्हा आपटण्याची शक्यता असलेला सराव डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच.

उडीची किंमत किती मोठी असू शकते, हे पॉल बासागोइतियाला ठाऊक आहे. अमेरिकेतला हा व्यावसायिक स्वार २०१५ च्या ‘रेड बुल रॅम्पेज’ या स्पर्धेत यूटाच्या वाळवंटी कड्यावर पडला आणि त्याचा पाठीचा मणका फुटला. कमरेखालचे बळ गेले. पुढे वर्षानुवर्षे कष्ट घेऊन तो काही प्रमाणात चालू लागला. त्या काळाचे त्याने स्वतःच चित्रण करून ठेवले होते, आणि त्यातून २०१९ साली ‘एनी वन ऑफ अस’ हा माहितीपट झाला. रॅम्पेजची उडी आणि खाचराचा बांध यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण मणक्याला तो फरक कळत नाही.

बरे होऊन परतणाऱ्याने पहिल्या खुंटीपासूनच सुरू करायचे, आणि त्याच्यासोबत उडीचीही तपासणी व्हायला हवी. कोण पडले, कुठल्या खुंटीवरून, पुढे पडले की बाजूला, हे एका वहीत लिहून ठेवले की महिनाभरात चित्र दिसते. वेगवेगळे स्वार वेगवेगळ्या प्रकारे पडत असतील तर शिकवणी कमी पडते आहे. आणि तीन जण एकाच जागी एकाच तऱ्हेने पडले असतील, तर त्यांना ओरडून उपयोग नाही. त्या कडेचा कोन चुकला आहे, आणि पुढच्या रविवारआधी ती टिकावाने फोडून, पाणी मारून, पुन्हा धुमसायला हवी.